लोरेटाचा रेडिओ

रेडिओवरचा बेसबॉलचा खेळ टीव्हीच्या जरा पुढे असतो. म्हणून माझ्याशेजारी टीव्हीसमोर बसलेल्या ऑर्व्हिलने स्वयंपाकघरात रेडिओ ऐकणाऱ्या बायकोला बजावलं, "लोरेटा, काहीही होवो, तोंड उघडायचं नाही!"

"तू आधी ते सॉसेज संपव," ती म्हणाली.

शेवटचा डाव. बरोबरी होती, एका धावेत आमचा संघ जिंकणार होता. टीव्हीवर चेंडू अजून फेकलाही नव्हता, तोच लोरेटा हसू दाबत दारात आली. मला ते दिसलं.

"तिच्याकडे बघू नकोस रे," ऑर्व्हिल माझ्यावर ओरडला, "तुझ्या तोंडावर सगळं उमटतं!"

मित्राचा आनंद माझ्यामुळे नासू नये, म्हणून मी घाईने उशीत तोंड लपवलं.

"गेला! प्रेक्षकांत गेला!" ऑर्व्हिलने मला मिठी मारली. "काय फटका! बघितलास ना?"

"बघितला," मी उशीतूनच म्हणालो.