भुऱ्याचा चौथा नाल

माझा भाऊ नालबंद आहे आणि तोंडाळही. अंगणात पाऊल ठेवताच त्याने आमच्या घोड्याचे, भुऱ्याचे, खूर पाहिले आणि तो माझ्यावरच घसरला.

"ताई, हे खूर आहेत की सपाता? टोकं वर वळलीत! जनावर नुसतं टाचांवर उभं आहे. मला एक निरोप धाडता आला नाही?"

निरोप मीच अडवून धरला होता. माझे हे विचारायचे तेव्हा मी सांगायची, भाऊ आजारी आहे, भाऊ परगावी गेलाय. शेवटी यांनी दूधवाल्याला परस्पर पाठवून त्याला बोलावून घेतलं.

माझ्या धाकट्या दिराने भांडणात यांना जिन्यावरून ढकललं. यांचा गुडघा कायमचा गेला आणि दीर बायको-मुलं घेऊन खिंडीपलीकडे राहायला गेला. खिंडीतून गाडी जात नाही, यांना चालवत नाही. उरला भुरा. तो लंगडतोय तोवर दीर जिवंत, इतकं ते सरळ होतं. आज सकाळी यांनी बंदूक पुसून दाराशी उभी केली आणि मग चवीने न्याहारी केली. त्या न्याहारीचीच मला जास्त भीती वाटली.

आता हे दारात खुर्ची टाकून बसले होते. भुऱ्याचं तोंड मी धरलं, कारण तो दुसऱ्या कुणाला जुमानत नाही. भावाने पाय मांडीवर घेतला, पकडीने वाढलेला खूर तोडला, कानस फिरवली. पाय सपाट टेकला तेव्हा भुऱ्याने लांब श्वास सोडला. मुक्या जिवाचे किती हाल केले होते मी!

"मेहुणे, नीट ठोका हं," हे म्हणाले. "लांब जायचंय."

"भावोजी, माझा नाल निखळला तर मिशी काढीन!"

हे हसले नाहीत.

तीन पाय झाले. प्रत्येक खिळा टणटण वाजत गेला. खुराच्या कडक भागातून गेला की खिळा असाच वाजतो. आतल्या जिवंत भागाला भिडला की आवाज बसतो आणि एक-दोन दिवसांत घोडा लंगडायला लागतो. नालबंदाच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. मी भावाच्या कानाशी वाकले.

"एक खिळा आत जाऊ दे."

"वेड लागलंय का तुला?" तो पुटपुटला.

मी नजरेनेच दार दाखवलं. त्याला बंदूक दिसली आणि त्याने मान खाली घालून हातोडी उचलली.

चौथ्या पायाचा शेवटचा खिळा. टण, टण, आणि मग थप्प. भुऱ्याची कातडी थरथरली. मी त्याची मान कुरवाळत राहिले. माझा जीव भांड्यात पडला.

"तो काढा," हे म्हणाले.

"कोणता, भावोजी?"

"आत्ताचा. तुमच्या वडिलांशेजारी बसून मीही बरेच नाल ठोकताना ऐकलेत."

आवाज अगदी शांत होता. बोलत भावाशी होते, पण बघत होते माझ्याकडे.

भावाने खिळा उपसला आणि जरा बाहेरच्या अंगाने दुसरा घातला. तो स्वच्छ टणटणत गेला.

"छान," म्हणत हे काठी टेकून उठले आणि त्यांनी बंदूक खांद्याला अडकवली. "चल, चपला घाल. भुरा तुझंच ऐकतो. आणि वहिनीची हाक आली की धाकटा लगेच दार उघडतो."