दुरुस्तीचा आकडा

लो सुयिंगच्या हातून रोज चाळीस सायकल-ट्रेनर जायचे. ताइचुंग शहराच्या उत्तरेला, शेनगांगमधल्या एका कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसे. मागचं चाक काढून सायकल ज्यावर बसवतात आणि पडद्यावर चढ आला की जे आपोआप जड होतं, ते यंत्र तिच्यापुढे यायचं. ती ते मोजणीच्या मोटरला जोडायची, मोटर किती जोर लावते आणि यंत्र किती सांगतं ते बघायची, आणि जेवढा फरक निघेल तेवढा दुरुस्तीचा आकडा यंत्राच्या पोटात लिहून टाकायची. त्यानंतर यंत्र खरं बोलू लागे. अकरा वर्षांत तिच्या टेबलावरून गेलेलं एकही यंत्र खोटं बोलतं म्हणून परत आलं नव्हतं. याचा टेंभा ती मिरवत नसे, तिचे बाबा मिरवायचे.

बाबा म्हणजे लो चिनशुइ. वय अठ्ठावन्न, सगळी हयात सायकलच्या फ्रेमा वेल्डिंग करण्यात गेलेली. निवृत्तीनंतर त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता: रविवारी सकाळी सातला होणारी आसपासच्या कारखान्यांची शर्यत. जो तो आपापल्या घरी ट्रेनरवर, आणि सगळ्यांचे रंगीत पुतळे पडद्यावरच्या एकाच घाटात. बाबा तळमजल्यावरच्या स्कूटर बाहेर काढायचे, शटर वर करायचे, मोठा पंखा तोंडावर लावायचे. फोनवर संघाचा कप्तान आखुन ओरडत असायचा. कोपऱ्यावरचं नाश्त्याचं दुकान त्याचंच.

"शुइदादा, मागे बघ, आलो मी!"

"ये की! पण आधी तव्यावरची पोळी बघ, करपलेला वास इथवर येतोय."

सप्टेंबर संपता संपता हे हसणं बंद झालं. वीस मिनिटं दोनशे शेहेचाळीस वॅट काढणारे बाबा दोनशे तीसच्या खाली आले. घाटात लोक त्यांना सोडून जाऊ लागले. माणूस असा हरायला लागला की आधी पाय तपासेल, असं तुम्हाआम्हाला वाटतं. बाबांनी यंत्र तपासायला घेतलं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले, आणि ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी तळमजल्यावर तीन यंत्रं मांडली. एक स्वतःचं. दुसरं आखुनचं, वेगळ्या कंपनीचं. तिसरं जुनं, ज्यात मागचा टायर रुळावर घासतो आणि पिठाच्या गिरणीसारखा आवाज होतो. प्रत्येकावर तोच घाट, तीच वीस मिनिटं, मध्ये तासभर विश्रांती आणि वाटीभर रताळ्याची पेज. सुयिंग वही घेऊन बसली होती. दोनशे एकोणतीस. दोनशे सत्तावीस. दोनशे तीस.

तीन कंपन्यांची, तीन वयांची यंत्रं एकच गोष्ट सांगत होती. हा तिचा रोजचा धंदा. यंत्रं एकमेकांशी जुळली की दोष यंत्रात नसतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"तिन्ही बिघडलीत," बाबा घाम पुसत म्हणाले. "दमट हवा आहे. आपलं यंत्र तू कारखान्यात ने, पोरी. तू सांगशील ते खरं."

तिने नेलं. यंत्र अर्ध्या टक्क्यानेही चुकत नव्हतं. तिला बाबांची दया आली, आणि दया आली याचीच लाज वाटली. ज्या माणसाने तिला दुचाकीवर तोल सांभाळायला शिकवलं, त्याला तोंडावर 'बाबा, तुम्ही म्हातारे झालात' कसं सांगायचं? तिला तेव्हा खरोखर तेवढंच वाटत होतं, म्हातारपण. तिने दुरुस्तीच्या चौकटीत चार टक्के वाढवले.

"चार टक्के कमी दाखवत होतं," घरी येऊन ती म्हणाली. "केलं नीट."

"बघ! मी काय म्हणत होतो!" बाबांनी आईला हाक मारली, आखुनला फोन लावला, आणि त्या रात्री दोन वाट्या भात जेवले.

डिसेंबरमध्ये आणखी चार. फेब्रुवारीत तीन. खोट्याचं असंच असतं, एकदा लिहिलं की पुरत नाही.

मधल्या काळात बाबांच्या हातून जेवणाच्या काड्या निसटायच्या, डाव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहायची. आईने नवी, घट्ट चप्पल आणली. तीही राहिली, तेव्हा आई म्हणाली, "एकदा दवाखान्यात दाखवून या ना."

"कशाला? दोनशे पंचेचाळीस वॅट काढणारा माणूस दवाखान्यात गेला तर डॉक्टर हसून हाकलून देईल. विचार तुझ्या लेकीला."

सुयिंग तेव्हा मुळ्याचं ऑम्लेट वाढत होती. तिने वाढलं, आणि पाप पोटात ठेवलं. मला तिचा राग येतो तो इथे. ऑक्टोबरमधलं खोटं मी समजू शकतो.

बाबांनी डिसेंबरमध्ये आखुनला घाटात हरवलं होतं, मार्चमध्ये ते पहिल्या आठांत आले. एप्रिलच्या अंतिम फेरीत मात्र नियम कडक होता: ट्रेनरच्या जोडीला पेडलवर बसवलेलं दुसरं मापकही हवं, आणि शर्यतीनंतर दोन्ही नोंदी पाठवायच्या.

"बाबा, या वेळी राहू द्या," ती म्हणाली. "तुमचा गुडघा दुखतोय."

"गुडघा? माझा? घाबरतेस कशाला, तुझं यंत्र आहे. पेडलनेच लाजावं."

आकडा काढला तर बाबा शेवटचे येणार, ठेवला तर चोर ठरणार. तिने काहीच केलं नाही. बाबा तिसरे आले, शटरमधून गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले. दुपारी आयोजकांचं दोन ओळींचं पत्र आलं: दोन नोंदींत अकरा टक्के तफावत, निकाल रद्द, वर्षभर बंदी.

 संघाच्या गटावर एकाने लिहिलं, शुइदादा घाट घरीच सपाट करून घेतात वाटतं. त्यावर हसणारे चेहरे आले. बाबांनी फोन उलटा ठेवला.

"पेडलं खराब आहेत," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

संध्याकाळी आखुन दुकानाचा ॲप्रन घालूनच आला. हातात फोन, त्यावर पेडलची नोंद.

"भांडायला आलास?" बाबा म्हणाले.

"चोरी गेली खड्ड्यात, शुइदादा. हे बघ. पेडल दोन्ही पाय वेगळे मोजतं. उजवा चौसष्ट टक्के, डावा छत्तीस. तुझा डावा पाय गेला कुठे?"

बाबा स्वतःच्या पायाकडे बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांनी यंत्राला दोष दिला नाही.

आठवड्याभरात तपासण्या झाल्या. डॉक्टर फान ही चाळिशीची, भराभर बोलणारी बाई. तिने मानेचं चित्र पडद्यावर लावलं. मणक्यांमधली चकती मज्जारज्जूवर दाबून बसली होती. पाय आणि बोटं, दोन्हींचं कारण तेच.

"ऑपरेशन करावंच लागेल," ती म्हणाली. "किती परत मिळेल ते दाब किती दिवसांचा आहे त्यावर. अशक्तपणा कधीपासून?"

"महिना झाला असेल," बाबा म्हणाले. "मार्चपर्यंत मी ठणठणीत होतो. नोंदी आहेत ना माझ्याकडे." त्यांनी फोन पुढे केला. वाकडी झालेली बोटं पडद्यावर नीट टेकत नव्हती. "हे बघा. ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी. वॅट जरासुद्धा कमी नाहीत."

डॉक्टरने आकडे पाहिले आणि तिचा चेहरा सैल झाला. "महिन्याचंच असेल तर छान. बरंचसं परत येईल." ती लिहू लागली.

"सायकल?"

"तीही."

बाबा सुयिंगकडे वळून हसले. कित्येक दिवसांत ते असे हसले नव्हते.

"ते आकडे खोटे आहेत," सुयिंग म्हणाली.

डॉक्टरची बोटं थांबली. बाबांना तिचं बोलणं कळलंच नाही. ते समजुतीच्या सुरात डॉक्टरला म्हणाले, "पोर घाबरलीय. ही यंत्रं हीच तपासते, मॅडम. अकरा वर्षांत हिचा आकडा चुकलेला नाही."

"बाबा, मी वाढवले. तीनदा. सप्टेंबरपासूनच कमी होत होते."

डॉक्टरने 'एक महिना' खोडलं, 'सात' लिहिलं. बाबांच्या ऐवजी टेबलाकडे बघत ती म्हणाली की मग परत येण्याची फार आशा धरू नका, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. ऑपरेशनची तारीख उद्याचीच घेऊ.

 बाबांनी विचारलं, "डिसेंबरमध्ये मी आखुनला घाटात हरवलं, ते?"

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि टेबलाला धरून उठायला लागले. ती पुढे झाली. "राहू दे," ते म्हणाले, आणि नर्सला हाक मारली.