गोळीचा वाटा

रोज सकाळी आत्याबाईंची लघवी काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात टाकून स्टोवर तापवायची, हे काम माझं. निळंच राहिलं तर साखर नाही. विटेसारखं लाल झालं तर लय. उन्हाळाभर लालच. मांडीवरची माझी लेक त्या लाल नळीकडं हात करून खिदळायची.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, धुरपताबाई. पायाच्या अंगठ्यात काटा मोडला तेवढं निमित्त, जखम भरेचना. परभणीच्या डॉक्टरांनी साखर उतरवायच्या आधीच्या गोळ्या तशाच ठेवल्या, वर इन्शुलिनची सुई लावली.

"बाई, हे दोन बैलांचं औत आहे," ते मला म्हणाले, "गोळीही पाहिजे, सुईही पाहिजे. एक बैल सोडलात तर रानात तास पडायचं नाही."

टोचायला मीच शिकले. सुई उकळायची, टोचायची, लगेच भाकर वाढायची. आत्याबाई आल्यागेल्याला सांगत, "सासूला बोलून टोचणाऱ्या सुना लय पाह्यल्या. खरंच टोचणारी हीच!"

तरी नळी लाल. डॉक्टरांनी सुईतलं औषध वाढवलं, तरी लाल. अंगठा काळा पडत चालला.

ताडकळसच्या बाजारातून शेजारचे सटवाजी परत आले, ते दारातूनच ओरडले, "वैनी, कडूमावशीनं सांगितलंय, गोळ्या लय लागू पडल्या. चुलीपाशी उठून बसायलीय आता!"

कडूबाई म्हणजे आत्याबाईंची धाकटी बहीण, ताडकळसलाच राहणारी. विधवा, डोळ्यांनी अधू, एकटी. त्यांनाही हीच साखर. दर बाजारी त्यांच्यासाठी सटवाजींजवळ शेंगांचं, शेवयांचं गाठोडं जायचं. त्यात गोळ्याही जात होत्या, हे मला तेव्हा कळलं.

आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या.

"तुमी गोळ्या खातच न्हाईत?"

"मला सुई हाय की."

"दोन्ही पाहिजेत, आत्याबाई! पाय जाईल तुमचा!"

"कडूला दिल्याबिगर मी कंदी काई खाल्लं न्हाई. बोरसुदीक दातानं फोडून अर्धं तिला दिलं." मग हळूच म्हणाल्या, "मला टोचायला सून हाय, माय. तिला कोण हाय?"

कडूबाईंना दवाखान्यात न्यायचं म्हटलं, तर त्या मागंच यष्टीत चढताना पडलेल्या. इथंच मरू द्या म्हणतात. त्यांच्यासाठीही गोळ्या द्या म्हणून डॉक्टरांना मी हात जोडले. पेशंट पाहिल्याशिवाय गोळ्या देता येत नाहीत, म्हणाले. मग आत्याबाईंचा पाय उघडून बघितला आणि माझ्याकडं न बघता बोलले, "अंगठ्यावर भागणार नाही. आठ दिवसांत साखर उतरली नाही तर गुडघ्याखाली काढावा लागेल."

घरी येऊन लेकीला त्यांच्या मांडीवर दिलं. "हिला पाऊल टाकायला कोण शिकवायचं, आत्याबाई? तुमीच ना?"

त्यांनी तिची पावलं गालाला लावली. मला वाटलं, ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा तांब्या पुढं केला. आजवर माझी पाठ वळायची वाट बघायच्या. आज बघितली नाही. माझ्यासमोरच गोळी पदरात घेतली, गाठ मारली, दातानं ओढून घट्ट केली.

मग दंडावरची चोळी वर सारून हात पुढं केला. "टोच, माय."

मी टोचलं. भाकर वाढली. नळी तापवली नाही.