नावाड्याच्या हातचा खाऊ

मी तळ्यातली गोगलगाय बोलतेय. खरं तर मी या तळ्याची नव्हेच. पण आता इथं आमचं गोत एवढं वाढलंय, की मूळच्या गोगलगायींनाच कुणी विचारत नाही.

माझा जन्म एका शिंप्याच्या घरी, माशांच्या काचेच्या पेटीत झाला. विकत आणलेल्या पाणवनस्पतीला चिकटून माझी आई तिथं आली होती. बघता बघता आम्ही सगळी काच भरून टाकली. शिंपी आम्हाला कचऱ्यात टाकायला निघाला, तशी त्याची आई म्हणाली, "अरे, मुका जीव तो. तळ्यात सोडून ये." त्यानं सोडलं. दयाळू माणसांचे आमच्यावर फार उपकार आहेत.

तळ्यात शेवाळ भरपूर होतं. थंडीत रानबदकं उतरायची. त्यांच्या विष्ठेतून कृमींची अंडी आमच्या पोटात आली. मी पडले गोगलगाय, कुणाला नको कसं म्हणणार? कृमी माझ्यासारखीच्या अंगात वाढायचे, मग बदकं आम्हाला गिळायची आणि कृमी त्यांच्या आतड्यांत बिऱ्हाड करायचे. 'गोगलगाय नि पोटात पाय' असं तुम्ही म्हणता. पायांचं राहू द्या, आमच्या पोटात बरंच काही होतं.

बदकं मलूल झाली. पंख पाण्यावर लोळू लागले. तळ्यावरच्या नावाड्याचा या पाखरांवर भारी जीव.

"अहो, सुकत चाललीत ही," त्याची बायको म्हणाली.

"दाण्याला तोंड लावत नाहीत. गोगलगायी मात्र मटकावतात."

"मग त्याच द्या की. आजाऱ्याला रुचेल ते घालावं."

तेव्हापासून तो नावेच्या बुडाच्या गोगलगायी खरवडून बदकांना हातानं भरवू लागला. पूर्वी त्याला बघून उडणारी बदकं आता त्याच्या तळहातावर चोच मारत. "ओळखायला लागलीत मला," तो सगळ्यांना सांगायचा. पळण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती, एवढंच.

मग बदकं मरू लागली. जनावरांच्या डॉक्टरनं काठावरच एक फाडून बघितलं. "आतडी कृमींनी भरलीत. या गोगलगायींतूनच गेलेत. एवढ्या खाल्ल्या तरी कशा यांनी?"

नावाडी मेलेल्या बदकाचे पंख मिटवू लागला. बायकोच म्हणाली, "आम्हीच भरवल्या, डॉक्टर. माहेरी आलेल्या लेकीला भरवावं तशा."

डॉक्टरनं तळ्यात हात धुतले. "एखादं जिवंत असेल तर पाण्यापासून लांब ठेवा. नुसते दाणे द्या. वाचलं तर वाचेल."

एकच उरलंय. ते नावाड्याच्या ओसरीवर टोपलीत बसलंय. शेजारी नाव पालथी घातलीय आणि तो आम्हाला खरवडून उकळत्या पाण्यात टाकतोय. आत्ता मी त्याच्या तळहातावर आहे. दाण्याकडे ढुंकूनही न बघणाऱ्या बदकानं मला बघून मान लांब केली, चोच उघडली.

"एवढी एक द्या हो," बायको म्हणाली. "किती आशेनं बघतंय बिचारं."

त्याचा हात चोचीकडे गेला. मग त्यानं मूठ मिटली.

जन्मभर मी माणसांच्या मऊ काळजावर जगले. आज मात्र हात जोडते, म्हणजे असते तर जोडले असते. दादा, या चोचीपुढं मूठ उघडू नका.