मापात ढवळाढवळ

एक गोष्ट आधीच सांगते, मला कॉम्प्युटरचा राग नाही. राग आहे तो माझ्या धाकट्या भावाचा, आणि तो कॉम्प्युटरात ठाण मांडून बसला होता.

आमचं जोडे शिवायचं दुकान आहे. पुढे माप घ्यायची खोली, मागे कारागीर, मधे पडदा. बाजारातला जोडा ज्यांना चालत नाही ती माणसं आमच्याकडे येतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. आणि सगळ्यात जास्त येतात ती साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेली. या माणसांच्या पायात खिळा घुसला तरी त्यांना पत्ता लागत नाही. जोडा जरा घट्ट झाला तर तुम्ही-आम्ही तासाभरात काढून भिरकावून देऊ. ही माणसं तो दिवसभर घालतात, हसत घरी जातात, आणि मोजा काढताना त्याला रक्त दिसतं. ती जखम भरत नाही. बोट जातं, कधी आख्खा पाय जातो.

म्हणून मापाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बाबांनी अंथरूण धरलं आणि दुकान माझ्याकडे आलं, त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत माझ्या जोड्याने एकाही पायाला जखम झालेली नाही. हे मी सगळ्यांना सांगते. विचारलं नाही तरी सांगते.

आता धाकट्याचं ऐका. बाबा आजारी पडले त्याच महिन्यात याला दुसऱ्या शहरात जोड्यांच्या मोठ्या कारखान्यात नोकरी लागली. काय योगायोग! बाबांना माझ्या गळ्यात टाकून साहेब बायकोला घेऊन चालते झाले. जाताना उपकार केल्यासारखं दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक ॲप टाकून गेला.

"ताई, कॉम्प्युटर उद्या जळाला तरी सगळी मापं वर सुरक्षित राहतील," तो म्हणाला.

"वर म्हणजे कुठे? माळ्यावर?"

"क्लाउडमध्ये गं. माझ्याच खात्याला जोडून देतो. पासवर्डची कटकट तुझ्यामागे नको."

मीही गाढव, हो म्हणाले.

आमची रीत अशी. मी माप घेते, पेन्सिलीने वहीत लिहिते आणि लगेच कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरते. दुसऱ्या दिवशी कारागीर तो तक्ता छापून घेतो, आणि लाकडी फर्म्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून त्या पायाचा हुबेहूब आकार करतो. त्यावर जोडा चढतो. एकदा भरलेला तक्ता मी परत उघडून बघत नाही. कशाला बघू? माप मी घेतलेलं असतं.

त्या मंगळवारी सकाळी आदल्या दिवशीचा कागद शोधत बसले होते. महिनाभर ते ॲप 'जागा संपली, जागा संपली' म्हणून कोपऱ्यातून किरकिर करत होतंच. तेवढ्यात नवीनच पाटी वर आली. वाचनालयाचे ग्रंथपाल, बधिर पायांचं आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या दुसऱ्या जोडाची फाइल बदलली आहे, आणि खाली बदलणाऱ्याचा फोटो. माझा भाऊ. दात काढून हसतोय.

फाइल उघडली. पंजाचा घेर पंचवीस पॉइंट सात. वही काढली. वहीत माझ्या अक्षरात पंचवीस पॉइंट दोन. मग त्या ॲपमध्ये जुने बदल कुठे दिसतात ते शोधून काढलं आणि एकेक फाइल उघडत गेले. अडतीस फाइली. अडतीसच्या अडतीस बदललेल्या. कुठे तीन मिलिमीटर वाढवलेत, कुठे पाच. मी माप भरलं की संध्याकाळपर्यंत याने त्यात बोट घातलंच म्हणून समजा. आणि हे तीन वर्षं!

तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे फोन लावला. उचलला नाही. आता चोर फोन उचलेल होय?

"ह्याच्या कारखान्यात बधिर पायांचे जोडे काढणार आहेत," मी कारागिराला म्हटलं. "माझे जोडे सैल निघाले की गिऱ्हाईक आपसूक तिकडे. समजलं का आता?"

कारागीर बाबांच्या वेळचा माणूस. तो फर्मा खाली ठेवून म्हणाला, "पण ताई, सैल झाले म्हणून एकही जोड परत आला नाही. त्याला एकदा विचारून तर बघा."

"तुम्ही यात पडू नका," मी म्हटलं, आणि तो पडला नाही.

ते ॲप कॉम्प्युटरवरून काढणं हे एका दिवसाचं काम निघालं. कोपऱ्यातल्या चिन्हावर जाऊन बंद केलं, तर कॉम्प्युटर परत सुरू केल्यावर ते माझ्या आधी हजर. अर्ध्या फाइली तर कॉम्प्युटरवर नव्हत्याच. नुसती नावं इथे आणि माल वर. त्या आधी खाली उतरवल्या, पेनड्राइव्हवर घेतल्या. मग वही मांडीवर घेतली आणि अडतीस तक्त्यांतले आकडे एकेक करून पुसले आणि माझे भरले. प्रत्येक आकड्याला एक शिवी हासडली. मान मोडून गेली, पण कसं गार वाटत होतं!

मग खात्यातून बाहेर पडले. मग ॲप काढून टाकायला घेतलं, तर ते मलाच विचारतंय, तुम्ही आम्हाला का सोडून जात आहात? खाली पाच कारणं. वेग कमी, जागा कमी, असलं काहीबाही. 'भाऊ नालायक आहे' हे कारण त्यात नव्हतं. 'इतर' वर टिचकी मारली आणि पुढे गेले. काढलं तरी मेल्याचा फोल्डर मागे राहिलाच. तो उडवला. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप काय काय सुरू होतं त्या यादीत त्याचं नाव होतं, ते खोडलं. कचऱ्याची टोपली रिकामी केली. तीनदा बंद करून चालू केलं. कोपरा स्वच्छ.

त्या आठवड्यात भावाचे सात फोन आले. एकही घेतला नाही. मेसेज आला, 'ताई, मापं बदलू नकोस. प्लीज फोन कर.' पकडला गेल्यावर कसा सुतासारखा सरळ आला बघा, असं म्हणून मी तो पुसून टाकला. रविवारी घरी फोन आला तेव्हा न बोलता बाबांच्या कानाला लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

तिसऱ्या आठवड्यात ग्रंथपाल आले. मी दुकान एरवी तीनला बंद करते, पण त्यांचं वाचनालय पाचला सुटतं, म्हणून शेजारच्या काकूंना बाबांजवळ बसवून थांबले होते. तक्रार करायला आले नव्हते बिचारे. जोडा फार छान झाला हे सांगायला आले होते, आणि बंद जरा लांब हवे होते म्हणून.

"पहिल्यापेक्षाही चांगला बसलाय, ताई. पाय कसा धरून ठेवल्यासारखा वाटतो," ते म्हणाले.

मी खाली बसून त्यांचा जोडा काढला. मोजा ओढला, तर तो करंगळीपाशी चिकटला होता. पाण्याने भिजवून सोडवला. करंगळीच्या बाजूला नखाएवढी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?" ते म्हणाले आणि वाकून बघायला लागले.

मी फीत काढली आणि जखमेला धक्का न लावता पंजाचा घेर घेतला. पंचवीस पॉइंट आठ. परत घेतला. पंचवीस पॉइंट आठ. माझी फीत, माझा हात, तोच पाय.

"डॉक्टरकडे, आत्ताच्या आत्ता," मी म्हटलं आणि कारागिराला गाडी आणायला पिटाळलं. ग्रंथपालांचा पाय स्टुलावर स्वच्छ कापडावर ठेवला. मग पडद्यामागे गेले आणि भावाला फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"ताई? बाबा बरे आहेत ना?"

"बाबांचं राहू दे. तू घेर का वाढवत होतास?"

"कुणाला लागलं?" त्याने विचारलं.

"ते मी तुला का सांगू? आधी उत्तर दे!"

"तू बदललेल्या मापाचे किती जोड गेलेत, ताई?"

"पाच."

"पाचही जणांना आज फोन कर. घालू नका म्हणावं."

"अरे पण का?" मी किंचाळलेच.

"तू सगळी मापं सकाळी घेतेस. फाइलवर वेळ दिसते. सव्वादहा, साडेदहा, फार तर अकरा. या लोकांचे पाय संध्याकाळपर्यंत सुजतात. बाबा चारच्या आत कुणाच्या पायाला फीत लावत नव्हते. तुला माहीत आहे."

माहीत होतं. माहीत कसं नसेल? बाबांच्या शेजारी बसून शिकले मी. पण पाचला बाबांना भरवायचं असतं, त्याआधी त्यांना उठवून बसवायचं, कपडे बदलायचे, दोन पावलं चालवायचं. तीनला कुलूप लावलं नाही तर ते होत नाही. म्हणून मी सकाळी मापं घ्यायला लागले. पहिला महिना धाकधूक होती. जखमा झाल्या नाहीत. मग मी स्वतःला पटवलं की फीत ती फीत, तिला काय सकाळ आणि काय संध्याकाळ. पुढे तर बाबांचा तो उगाच हट्ट होता असंही म्हणायला लागले.

"मग मेल्या, तोंड शिवलं होतं का तुझं?" मी म्हटलं. "तीन वर्षं चोरासारखा आकडे बदलत बसलास! त्या मेसेजात एक ओळ लिहिता आली नाही तुला? हात झडले होते?"

"लिहिली होती. पाठवली नाही."

"का?"

"ताई, सकाळी मापं घेऊ नकोस असं मी म्हटलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

"काय म्हणाले असते! म्हणाले असते, बरं, मग संध्याकाळी बाबांना बघायला तू ये."

"हो ना," तो म्हणाला. "आणि मला यायचं नव्हतं."

इतकं सरळ बोलला. ओशाळून नाही, रडून नाही. त्याने थापा मारल्या असत्या, नोकरीचं, बायकोचं नाव पुढे केलं असतं, तर मी त्याला उभा सोलला असता. तीन वर्षं त्याचीच तयारी करत होते मी. तोंडात शिव्यांची रांग लागली होती, पण त्यातली एकही अशी नव्हती की ती निम्मी माझ्यावर येणार नाही.

"नालायका," मी ओरडले. "नालायका, तुला लाज नाही वाटली? बोल ना! आता का गप्प? बोल!"

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी पडदा बाजूला केला. ग्रंथपाल तो पाय जमिनीवर टेकून उभे राहिले होते, माझ्यासाठी पाण्याचा पेला भरत.

"ताई, अहो, शांत व्हा," ते म्हणाले. "माझ्यापायी घरात भांडू नका. मला काही दुखत नाहीये हो."