बूच आणि टीव्ही

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एकाही माणसाला बुडू दिलेले नाही. हे मी अभिमानाने सांगते. वाशिष्ठीच्या खाडीत मी जिथे वावरले, तिथे ओहोटीला जेमतेम कमरेएवढे पाणी असते, हेही सांगून टाकलेले बरे.

मी एक म्हातारी होडी आहे. माझा जन्म फणसाच्या लाकडातून झाला. माझा नावाडी गंगाराम, त्याच्या बापाने फळ्या जोडल्या, फटींत काथ्या ठोकला आणि अंगभर माशाचे तेल चोपडले. त्या वासामुळे माझ्याशी कोणी उगीच सलगी केली नाही. किनाऱ्यावर ओढल्यावर आत साचलेले पाणी निघून जावे म्हणून त्याने माझ्या तळाला एक भोक ठेवले आणि त्याला स्वतःच्या हाताने शिसवी बूच तासून बसवले. बाप गेला तेव्हा गंगारामच्या वाट्याला मी आणि ते बूच आलो. दोघांत त्याची माया बुचावर जास्त होती. मी मनाला लावून घेतले नाही.

वर पोफळीला वीज तयार करून झाली की ते पाणी आमच्या वाशिष्ठीत सोडतात. वीज आधीच काढून घेतलेले असे ते पाणी. त्यामुळे मासा सुस्त झाला, असे गंगारामचे ठाम मत होते.

हे मत त्याने त्या दिवशी माझ्यात बसलेल्या महिपतला ऐकवले. ऐंशीच्या दशकातली, दिवाळी तोंडावर आलेली ती दुपार. महिपत अलोरेला, वीजघराच्या वसाहतीत माळी होता.

"तुमी सगली वीज काढून घेताव, आमी काय खावचं?" गंगारामने विचारले.

"थोडी शिल्लक ठेवायला सांगतो सायबांना," महिपत म्हणाला. वसाहतीबाहेर तो सहसा जास्वंदीचा विषय काढत नसे.

त्याच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला टीव्ही होता. शेजारी त्याची बायको राही बसली होती. त्यांची मुलगी गोदा पलीकडच्या वाडीत दिली होती. लग्नात सासू सोनूबाई सर्वांदेखत म्हणाली होती, "सुनेचा बाप वीजघरात, आनि आमच्याकडं टीवी नाय?" त्या वाडीतल्या मांडवाची दोरी विजेच्या खांबालाच बांधलेली होती, त्यामुळे मागणी वाजवी वाटली. महिपत हो म्हणाला. मग सोनूबाईने निरोप धाडला, की टीव्ही आला तर पोर दिवाळीला माहेरी येईल. नाहीतर दिवे आमच्याकडेही लागतात.

सावर्ड्याची एसटी उशिरा आली, भरती चुकली, ओहोटी लागली. तरी निघालो. लेकीचा प्रश्न होता.

माझ्या फटींतून थोडे पाणी झिरपते. वयोमान. गंगाराम वल्हे मारता मारता मध्येच करवंटीने उपसायचा. पाणी गोधडीच्या टोकाला लागले तशी राही अस्वस्थ झाली. ती भातशेतीतली बाई. खाचरात पाणी फार झाले, तर बांधाला खाली तोंड पाडायचे आणि पाणी काढून द्यायचे, हे ती जन्मभर करत आली होती. तिने माझा तळ न्याहाळला. तिला बूच दिसले. एवढी सोय असताना हा माणूस करवंटी घेऊन काय बसलाय, असा विचार तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसला.

तिने बूच उपटले.

मित्रांनो, मी वादळे पाहिली आहेत. पण बसल्या जागी, दिवसाढवळ्या, पदर खोचून एका शहाण्या बाईने असे काही करावे, याचा मला जो धक्का बसला त्यातून मी अजून सावरलेले नाही. खाचराच्या खाली दुसरे खाचर असते. माझ्या खाली खाडी होती. ती आत आली.

"बूच कुठं हाय?" गंगारामने विचारले.

"टाकलं."

"कुठं टाकलंव?"

"पान्यात. आता त्याचं काय काम?"

गंगारामचे वल्हे हातातून गळाले. महिपत टीव्ही डोक्यावर घेऊन ताडकन उभा राहिला, त्यामुळे बुडण्याचे काम सोपे झाले. डोळे घट्ट मिटून तो ओरडला, "राही, गोदाला सांग, बापानं आनला होता गो!"

मी तळाच्या चिखलात टेकले.

"डोळं उघडा," राही म्हणाली. "उभं हाव तुमी."

महिपत कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. टीव्ही कोरडा होता. गंगाराम चिखलात हात घालून बापाचे बूच शोधत होता. ते सापडले नाही; लाकडाचे ते, ओहोटीबरोबर केव्हाच तरंगत गेले होते.

महिपत आणि राही चालतच पलीकडे गेले. कमरेखाली चिखल, डोक्यावर टीव्ही. दारात गोदा आधी हबकली, मग आईच्या गळ्यात पडून रडली, मग आईचा चिखल आपल्या लुगड्याला लागला म्हणून हसली. सोनूबाईने टीव्हीला ओवाळले, मग व्याह्यांना. टीव्ही ओटीवर, गणपतीच्या शेजारी बसला. त्यावर विणलेले झाकण घातले गेले.

"जा गो बाय म्हायेराला," सोनूबाई म्हणाली. "सावकाश ये."

दुसऱ्या दिवशी तिघांना मीच परत आणले. भोकात चिंध्यांचा बोळा होता. गंगारामने राहीला माझ्या अगदी टोकाला बसवले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगितले.

आता मी किनाऱ्यावर पालथी पडून असते. तुम्ही माझ्यावर बसून चिंचा खाता, खुशाल खा. फक्त एक विनंती आहे. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, आणि जे कशासाठी आहे ते ठाऊक नाही, ते उपटण्यापूर्वी एकदा विचारा. त्या बुचाची आठवण आली की माझे लाकूड अजून ओले होते.

टीव्ही मात्र पुढे कित्येक वर्षे नव्यासारखा राहिला. त्या वाडीत नुसते खांब आले होते, वीज नव्हती.