घासायचं नाही

पाचवीचा दिवस. खालापूरजवळच्या त्या घरात न्हाणीचं पाणी तापलं होतं. छायाची सासू भागूबाईने परातीत डाळीचं पीठ, हळद, तेल कालवलं आणि मालिशवाल्या मंगळीपुढे सरकवलं. "चांगली घासून काढ गं नातीला. सांच्याला बाया येतील. त्याआधी ते पायाचं गेलं पायजे."

पायाचं म्हणजे टाचेवरचा फोड.

आत बाळंतीण छाया ते ऐकून उठून बसली. तिच्या स्वतःच्या अंगावर जन्मापासून असेच फोड. जरा घासलं की कातडी सोलून निघे. तिच्या आईलाही तेच होतं. हे रक्तातून येतं, हात लावून होत नाही, असं डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगितलं होतं. तरी डोहाळजेवणाला एकाही बाईने तिची ओटी भरली नाही. नारळ पाटावर ठेवून मागे सरल्या. "मागच्या जन्मी नागीण मारली असंल," म्हणून वर हसल्या. खोपोलीच्या दवाखान्यात मात्र साधी चिकटपट्टीही न लावता, मऊ कापडावर निजवून तिचं बाळंतपण सुखरूप केलं. निघताना सिस्टरने बजावलं होतं, पोरीला घासायचं नाही.

"आई, घासू नका तिला!"

"तू नको शिकवू. चार पोरं घासूनच मोठी केली मी."

"त्यांचं कातडं तुमचं व्हतं. हिचं माझं हाय."

"तेच तर! तुझ्या नणंदेला, प्रियाला बघाया पावणे यायचे हायेत. कळलं तर अब्रू जाईल घराची."

ओट्यावर नवरा किशोर मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, "आई म्हणते तसं करू दे गं."

मंगळीने हात फिरवला. पोर किंचाळली. पिठाबरोबर घोट्यावरची कातडी निघून आली, ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मंगळीचा हात जागीच थांबला. छाया धडपडत आली आणि तळव्यांवर अलगद पोर उचलून घेतली.

संध्याकाळी बाया आल्या. भागूबाईने छायाला आतल्या खोलीत बसायला बजावलं होतं, पण ती दारातच बसली. पोरीचे पाय उघडे.

"बघा. हा फोड माझ्याकडनं आलाय, कुठल्या पापातनं नाय. आन ही जखम आजची. ती ह्या घरानं केली."

तिने पोरीच्या पाठीखाली दोन्ही हात घातले.

"घ्यायचं असंल तर दोनी हात खालनं घाला. आसं." तिने पोर पुढे धरली.

बाया पदर सावरत उभ्या. आतून भागूबाईच्या शिव्या चालू. छायाचे हात भरून आले, पण तिने ते मागे घेतले नाहीत.

वाचणाऱ्यांनो, त्या दारात तुम्हीही उभे आहात असं समजा. पोर तुमच्यापुढेच धरली आहे.